सोळा पॅलेट दही

व्हर्ना टिडवेलने आयडाहोत दह्याचे बावीस पॅलेट, म्हणजे लाकडी फळ्यांवर रचलेले खोक्यांचे ढीग, ट्रकमध्ये भरून घेतले, वायोमिंगच्या वाऱ्याशी झुंजत दोन दिवस ट्रक हाकला आणि ठरल्या वेळेआधी दहा मिनिटं ओमाहाच्या गोदामावर येऊन उभी राहिली. खिडकीतल्या माणसाने कागद घेतला, बाहेर येऊन ट्रकच्या दाराचं सील पाहिलं आणि मान हलवली.

"सीलच्या नंबरात शेवटी आठ आहे, कागदावर तीन. माल घेता येणार नाही."

"अरे, भरणाऱ्याने घाईत लिहिलंय! सील तुटलंय का कुठे?"

"मॅडम, नियम मी केलेले नाहीत."

"मग ज्याने केलेत त्याला बोलाव."

"तो सुट्टीवर आहे." खिडकी बंद झाली.

तिच्या कंपनीच्या ऑफिसात बसून गाड्या हलवणाऱ्या ड्वेनने दोन तास फोनाफोनी केली.

"आयडाहोवाले दुरुस्त कागद द्यायला तयार आहेत गं. पण गोदामवाले म्हणतात, एकदा नाकारला म्हणजे नाकारला. कचरा डेपोत टाक आणि मोकळी हो."

"ड्वेन, दही चांगलं आहे!"

"माझ्यावर कशाला ओरडतेस? मी नाकारलं का?"

"दुपारपर्यंत वेळ दे मला," म्हणून तिने फोन आपटला.

गरजूंना फुकट धान्य वाटणाऱ्या तीन केंद्रांना तिने फोन लावले. तिसऱ्या ठिकाणी मिसेस ऑस्ट्रँडर नावाच्या म्हाताऱ्या बाईंनी उचलला. बावीस पॅलेट ऐकून त्यांनी मनातल्या मनात जागा मोजली.

"पोरी, माझ्या थंड खोलीत सहा मावतील. ओढूनताणून सहा."

तिथे ट्रक लावून माल उतरवायला उंच धक्का नव्हता. बाई, चार निवृत्त म्हातारे आणि व्हर्ना अशी रांग लावून खोकं-खोकं हातानं उतरवलं. व्हर्नाची कंबर भरून आली. म्हातारे मात्र खुशीत होते. एकाने तिथेच डबा फोडून बोटानं दही चाटलं. उरलेल्या सोळा पॅलेटसाठी बाईंनी आणखी पाच जणांना विचारलं. कोणाकडेच थंड जागा नव्हती.

शेवटी ती कचरा डेपोवर गेली. तिथल्या माणसाने ट्रकमध्ये डोकावून पाहिलं.

"हे तर ताजं दिसतंय. काय बिघडलंय याचं?"

"काही नाही."

"मग टाकताय कशाला?"

व्हर्नाने सांगायला तोंड उघडलं, पण सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायचं तिच्या जिवावर आलं.

"कुठे लावू गाडी, तेवढं सांग," ती म्हणाली.

खोकी खाली कोसळत असताना तिचा फोन वाजला. ड्वेनच असणार. तिने तो वाजू दिला.