बिननावाची फाइल

बाबांच्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टिम टाकायचं काम लेकीने आठवडाभर टाळलं होतं. बाबांचा जन्म पुस्तकं बांधण्यात गेला. कागद त्यांच्या हातात निमूट वागायचा, पण कॉम्प्युटरशी त्यांचा छत्तीसचा आकडा.

शेवटी आज ती बसलीच. सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवल्या. उतरल्या म्हणजे उतरल्या, असं मानणारी ती नव्हे. तीच डिस्क स्वतःच्या लॅपटॉपला लावून फोटो उघडतात का तेही बघितलं. जुना कचरा काढून जागा केली. आता मशीन बंद करून चालू करायचं, की झालं.

"बंद?" बाबा ताडकन उठले. "मी कधीच बंद करत नाही. नुसता पडदा मालवतो."

"का?"

"बंद केलं तर माझं लिखाण जाईल ना!"

ती स्क्रीनकडे वळली. खालच्या पट्टीत एक खिडकी दडून बसली होती. उघडली तर पानंच पानं. चार महिन्यांचं लिखाण, आणि एकदाही सेव्ह केलेलं नाही!

"अहो बाबा, वीज गेली असती तर? सेव्ह करायला काय धाड भरली होती?"

"ते नाव विचारतं. पुस्तक बांधून पुरं झालं की मग पाठीवर नाव पडतं. अर्धवट पुस्तकावर मी उभ्या जन्मात नाव घातलं नाही."

तिने कपाळावर हात मारला आणि वाचायला लागली. आई शाळेत पहिल्यांदा शिकवायला गेली तो दिवस. आईने सायकलवरून पडून कोपर फोडलं तो दिवस. आईला आता यातलं काहीच आठवत नाही. बाबा रोज संध्याकाळी तिला तिच्याच गोष्टी सांगतात, हे लेकीला ठाऊक होतं. आधी बसून लिहून काढतात, हे ठाऊक नव्हतं. तरी डोक्यातली तिडीक काही उतरेना.

"मग संपवा की एकदाचं! कधी संपणार हे?"

बाबांनी आतल्या खोलीकडे बघितलं. आई एकाच टॉवेलची पुन्हा पुन्हा घडी करत होती.

"संपलं तर उद्या तिला काय सांगू?"

लेकीने जीभ चावली. नावाच्या चौकटीत तिने 'चालू आहे' एवढंच लिहिलं, फाइल सेव्ह केली, डिस्कवरही उतरवली आणि लॅपटॉपवर उघडून दाखवली.

बाबांनी चष्मा लावून ते दोन शब्द वाचले.

"आता कर बंद," ते म्हणाले.