पाणलोट समितीचे अध्यक्ष

सुहासिनीनं आयुष्यात एकही गोष्ट पुरी केली नाही, असं तिच्या नवऱ्याचं, म्हणजे नारायणचं, मत होतं, आणि ते तो पाहुण्यांसमोर आवर्जून सांगत असे. बीएस्सीचं शेवटचं वर्ष लग्नामुळे सुटलं. गाण्याच्या परीक्षा सासूबाईंच्या मोडलेल्या खुब्यापायी राहिल्या. शिवणाचा क्लास मुलाच्या दहावीत बुडाला. या सगळ्यात आपला, आपल्या आईचा किंवा आपल्या चिरंजीवांचा काही हात असेल, हे नारायणच्या गावीही नव्हतं. "तुझी सुरुवात छान असते," एवढंच तो म्हणायचा आणि चहा मागायचा. रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसाला दुसऱ्याचे दोष पाहायला वेळ भरपूर असतो.

त्यामुळे बडोद्याच्या सयाजीगंजात खमणच्या दुकानाच्या माडीवर जे कम्युनिटी कॉलेज निघालं, तिथे सुहासिनीनं 'नैसर्गिक संसाधने व पाणलोट परिसरशास्त्र' या एका वर्षाच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं, तेव्हा घरात कुणी ते मनावर घेतलं नाही. तिनं मात्र घेतलं होतं. हे प्रमाणपत्र मिळवायचं, त्याला काच लावायची आणि ते नारायणच्या खुर्चीच्या बरोबर समोर टांगायचं, असं तिनं मनाशी पक्कं ठरवलं होतं.

शिकवायला धवलसर होते. उत्साही गुजराती तरुण, अजून कशालाच न कंटाळलेला. जिथे पडलेला थेंब फिरून फिरून शेवटी एकाच नदीत जातो, तो सगळा मुलूख म्हणजे त्या नदीचा पाणलोट, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं आणि सुहासिनीला ते इतकं पटलं की घरी येऊन ती गच्चीवरचं पाणी कुठे जातं ते पाहत उन्हात उभी राहिली. नदी, उतार, माती, मुळं, सगळं तिला येत होतं. घोडं अडलं ते प्रात्यक्षिकात. प्रत्येक विद्यार्थ्यानं आपापल्या वस्तीत पाणलोट समिती स्थापायची, समितीकडून एक काम करून घ्यायचं, आणि ते पुरं झाल्याच्या ठरावावर अध्यक्षांची सही बाहेरून येणाऱ्या परीक्षकांसमोर घ्यायची. सही नाही तर प्रमाणपत्र नाही.

काम शोधायला लांब जावं लागलं नाही. प्रतापनगरच्या पलीकडे त्यांची सोसायटी होती आणि सोसायटीच्या मागे कांस होती. पावसाचं पाणी नदीला नेणाऱ्या मोठ्या नाल्याला बडोद्यात कांस म्हणतात. ही कांस विश्वामित्री नदीला मिळायची, पण प्लॅस्टिकनं इतकी तुंबलेली असायची की पावसाळ्यात पाणी नदीकडे जाण्याऐवजी तळमजल्याच्या स्वयंपाकघरांत येऊन बसायचं. ती साफ करायची आणि काठावर माती धरून ठेवणारं गवत, म्हणजे वाळा, लावायचा, असं तिनं योजलं.

समितीत कोण हवं, ते नियमावलीत लिहिलेलंच होतं: त्या पाण्यावर ज्याचं जगणं अवलंबून आहे, त्या प्रत्येकाला स्थान. सुहासिनीचा स्वभाव सरळ. तिनं सोसायटीतली कुटुंबं लिहिली, पलीकडच्या तबेल्यातल्या म्हशी लिहिल्या आणि विश्वामित्रीतून कांसेत येऊन उन्हाला पडणारी मगरही लिहिली. बडोद्यात मगरीचं कुणाला अप्रूप नसतं. पावसाळ्यात ती पार्किंगमध्येसुद्धा निघते, आणि तिला न्यायला माणसं येईपर्यंत लोक आपली स्कूटर काढायची थांबतात, इतकंच.

पहिली सभा सुहासिनीच्या घरी भरली. अध्यक्ष कोण, यावर सभा लगेच अडली. सोसायटीत पिलाजीराव आणि धनाजीराव असे दोन ज्येष्ठ होते. एकाच्या पणजोबांकडे संस्थानचा हत्तीखाना होता, दुसऱ्याच्या पणजोबांकडे तोफखाना. मिरवणुकीत आधी हत्ती की आधी तोफ, हा तेव्हाचा वाद पणतवंडांनी जिवापाड जपला होता. त्यांच्यापायी सोसायटीत दोन गणपती बसत, दोन कोजागिऱ्या होत, आणि ज्येष्ठ नागरिक संघ फुटता फुटता वाचला तो दोघांनी एकमेकांकडे पाठ करून बसायचं कबूल केलं म्हणून. आता तिसरा कुणी हवा होता. दोघांपेक्षा जुन्या घराण्यातला, आणि कुणाचीच बाजू न घेणारा.

"मग मगरीलाच करा," नारायण म्हणाला. टीव्हीवर मॅच सुरू व्हायची होती आणि त्याला ही माणसं घरातून जायला हवी होती.

कुणी हसलं नाही. पिलाजीराव विचारात पडले. मगरीचं घराणं हत्तीखान्याच्याही आधीचं, यात वाद नव्हता. धनाजीरावांनीही मान डोलावली, कारण मगर आजवर पिलाजीरावांच्या गणपतीला गेल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं. ठराव एकमतानं मंजूर झाला. सोसायटीच्या इतिहासात असं कधी घडलं नव्हतं, म्हणून लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

सुहासिनी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. तिला कुणीतरी चिटणीस करून टाकलं होतं. सभा तिनं बोलावलेली, नियम तिनं समजावलेले, उतार तिनं मोजलेला. त्या खोलीत पाणलोट म्हणजे काय ते कळणारी ती एकटी होती. तिला फार वाईट वाटलं. मगरीनंतर का होईना, आपलं नाव कुणाला तरी सुचायला हवं होतं, असं तिला वाटलं. पण कपात चहा निवत होता, म्हणून तिनं तो वाटला.

धवलसर हे रद्द करतील अशी तिला आशा होती. त्यांनी डोकं खाजवलं, मागची पुढची पानं चाळली आणि म्हणाले, "सुहासिनीबेन, मी आखी नियमावली वाचली. अध्यक्ष माणूसच पाहिजे, असं क्यांय लिहिलेलं नथी."

आणि गंमत अशी की समिती चालली. अध्यक्ष घरी येऊ शकत नसल्यामुळे सभा कांसेच्या काठावर भरू लागल्या. पलीकडच्या चिखलात अध्यक्ष पडलेले असत, अलीकडे प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडत. भाषणं आपोआप आखूड झाली. आवाज चढला की पलीकडे एक डोळा उघडे, आणि बोलणारा ताबडतोब मुद्द्यावर येई. मौन म्हणजे संमती, या न्यायानं अध्यक्षांनी सगळ्या सूचनांना संमती दिली. हत्तीखाना आणि तोफखाना एकाच घमेल्याला हात लावून गाळ काढताना दिसले, तेव्हा तर तबेल्यातली माणसं कामं टाकून बघायला आली. अध्यक्ष नदीकडे फिरायला गेले की काम चाले, आणि काठाकाठानं सुहासिनी गुडघाभर चिखलात उभी राहून वाळा लावत पुढे सरके. कांस वाहती झाली. वाळ्यानं मूळ धरलं. उरली ती फक्त सही.

अध्यक्ष निरक्षर असतील तर अंगठा चालेल, असं धवलसरांनी विचारून आणलं होतं. सुहासिनीनं शाईचा मोठा पॅड घेतला आणि जे व्हायचं ते होवो म्हणून परीक्षेच्या दिवसाची वाट पाहू लागली. नारायण मात्र आधीच सांत्वनाच्या सुरात बोलू लागला होता. सुरुवात छान झाली होती, म्हणाला.

परीक्षक बाहेरगावचे होते. गाडीतून आले, वाळा पाहिला, पाणी पाहिलं, आणि अध्यक्षांना बोलवा म्हणाले. सगळ्यांनी अदबीनं पलीकडे बोट दाखवलं. परीक्षकांनी बराच वेळ तिकडे पाहिलं. सरकारी कामात त्यांनी आजवर याहून वाईट अध्यक्ष पाहिले असावेत, कारण त्यांनी हरकत घेतली नाही. त्यांनी एवढंच विचारलं, की अंगठा पुरुषाचा डावा घेतात आणि बाईचा उजवा, तर हे अध्यक्ष कोण आहेत?

हे कुणी पाहिलंच नव्हतं. अध्यक्ष पुरुषच, असं पिलाजीराव म्हणाले. बसण्यातला दरारा बघा. बाईच, असं धनाजीराव म्हणाले. इतकं निमूट ऐकून घेणं पुरुषाला जमायचं नाही. सबंध वर्षाचा तुंबलेला वाद एकदम फुटला. हत्ती निघाले, तोफा निघाल्या, पणजोबा निघाले. आवाज टिपेला गेला आणि पलीकडचा चिखल एकाएकी रिकामा दिसला.

अध्यक्ष अलीकडच्या काठावर वर आले.

मग जे पळणं झालं त्याला तोड नाही. नारायण पाण्याच्या टाकीवर चढला. धवलसर कडुलिंबावर गेले. जिन्याच्या दारात पिलाजीराव आणि धनाजीराव एकाच वेळी घुसले आणि अडकले, मागून आलेल्यांनी दोघांना एकत्रच गच्चीपर्यंत ढकललं. परीक्षकांनी गाडीत बसून काच वर केली.

सुहासिनी वाळ्यात उभी होती. एका हातात ठराव, दुसऱ्यात शाई. पळावं असं तिला अगदी मनापासून वाटलं, पण पळालं तर हेही अर्धंच राहणार, आणि टाकीवरून उतरल्यावर नारायण काय म्हणेल तेही तिला ठाऊक होतं. त्या विचारानं तिला भीतीपेक्षा राग जास्त आला. तिनं ठराव तोंडासमोर धरला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

अध्यक्षांनी जबडा उघडला आणि तसाच ठेवला. ती थांबली नाही. कांसेची लांबी, काढलेला गाळ, लावलेला वाळा, सगळं तिनं शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग कुणाची हरकत आहे का, असं विचारलं. अध्यक्षांनी थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं, जबडा मिटला, आणि सावकाश मागे फिरून ते पाण्यात दिसेनासे झाले. बुडबुडे आले, मग तेही थांबले.

गाडीची काच दोन बोटं खाली आली. "अंगठा रही गयो, मॅडम," परीक्षक म्हणाले.

सुहासिनी गाडीपाशी गेली. बॉनेटवर कागद ठेवला, पेन काढलं, आणि 'अध्यक्ष' या शब्दाच्या वर आपलं सबंध नाव लिहिलं.

"ही तर तुमची सही आहे. अध्यक्ष ते आहेत ने?"

"मग जाऊन विचारून या त्यांना," सुहासिनी म्हणाली.

परीक्षकांनी पाण्याकडे पाहिलं. मग कागद फटीतून आत ओढला, सही केली, शिक्का मारला आणि त्याच फटीतून परत दिला. सुहासिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिनं पुसलं नाही, हाताला शाई होती.

गच्चीवर टाळ्या वाजल्या. टाकीवरून नारायणनं झालं का म्हणून विचारलं, आणि झालं असेल तर सगळ्यांसाठी चहा टाक म्हणाला.

"सगळे खाली या आणि बसा," ती वर पाहून म्हणाली. "अध्यक्षीय भाषण व्हायचंय."

एकेक करून माणसं उतरली आणि खुर्च्यांवर बसली. धनाजीराव पिलाजीरावांशेजारी बसले, कारण तेवढीच जागा उरली होती. भाषण बरंच लांबलं. मध्ये एकदा नारायणनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. ती बोलायची थांबली, आणि त्याचा हात खाली जाईपर्यंत थांबूनच राहिली.