अंगणातली यार्देन

पांढुर्ण्याच्या चर्चच्या अंगणात शहाऐंशी सालच्या मे महिन्यात बायबलमधली यार्देन नदी आली, ती दोन जुन्या निळ्या साड्यांची. एक साडी चर्चच्या पाद्र्यांच्या पत्नीची, पाळकीणबाईंची, दुसरी स्मिता रणपिसेची. कडुनिंबाच्या बुंध्यापासून विहिरीच्या कठड्यापर्यंत दोन्ही लांब अंथरल्या, कडेने वाळू टाकली, आणि स्मिताने मागे सरून पाहिलं. नदी दिसत होती.

स्मिता शेजारच्या सौंसर गावी शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. प्रयोग सुरू होण्याआधी सगळं टेबलावर हजर पाहिजे, ही तिची सवय. पांढुर्ण्याच्या मंडळीत सुटीतली बायबल शाळा दर उन्हाळ्यात भरायची, पण मुलांनी सतरंजीवर बसून वचनं पाठ करायची आणि पेंगायचं, एवढाच तिचा अर्थ उरला होता. मुलं गळत चालली होती. स्मिताने चर्चच्या पंचांकडे तीन दिवस मागून घेतले. मुलं गोष्ट ऐकणार नाहीत, गोष्ट करतील, असं तिचं म्हणणं होतं.

पंचांमध्ये शब्द चालायचा तो मनोहरराव साळव्यांचा. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेला माणूस. अजूनही हिरवी-लाल झेंडी खिशात असल्यासारखा बोलायचा.

"तीन दिवस देतो," ते म्हणाले होते. "पण एक जरी गडबड झाली ना स्मिता, तर सतरंजी अन् वचन पाठ. मग ह्या खेळाचं नाव पुन्हा काढायचं नाई."

"चालेल, काका," स्मिता म्हणाली होती.

पहिल्या दिवशीची गोष्ट तिने विचार करून निवडली होती. इस्राएल लोक यार्देनेच्या काठी येतात, याजक देवाच्या आज्ञांच्या पाट्या असलेला कराराचा कोश खांद्यावर घेऊन नदीच्या मधोमध उभे राहतात, पाणी थांबतं आणि सगळे कोरड्या पायांनी पलीकडे जातात. मग बारा जण नदीच्या तळातून एकेक धोंडा उचलून काठावर रचतात. पुढे कधी मुलांनी विचारलं, हे धोंडे कशाचे, तर सांगायला काही तरी असावं म्हणून.

कोशासाठी बाजाची पेटी ठेवायचं लाकडी खोकं होतं. ते घेऊन नेमकं कुठे थांबायचं हे कळावं म्हणून स्मिताने साड्यांच्या मधोमध एक बांबू रोवला आणि दिसावा म्हणून त्याला लाल फडकं बांधलं. सगळ्यांना नीट बघता यावं म्हणून अर्धी मुलं अलीकडे, अर्धी पलीकडे उभी केली. दगड मुलांनीच गावातल्या जाम नदीतून आणायचे होते. मोठा दगड पायावर पडला तर बोट चेचेल, म्हणून तिने रविवारीच बजावलं होतं, दगड मुठीत मावेल एवढाच हवा.

ही सगळी मांडणी तिने कागदावर काढली होती. तो कागद तिने पांढुर्ण्याच्या कुठल्याही शेंबड्या पोराला दाखवला असता तर त्याने पुढे काय होणार ते सांगितलं असतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे जाम नदीत झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि झेंडा मिळेपर्यंत दोन्हीकडून दगड. तीच गोटमार. स्मिताने ती कधी पाहिली नव्हती. तिच्या वडिलांनी त्या दिवशी मुलांना कधी पांढुर्ण्याच्या वाटेलाही जाऊ दिलं नव्हतं. शिवाय मे महिना होता, पोळा लांब होता.

पेटीचं खोकं उचललं गेलं, पण त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. मुलं लाल फडक्याकडे बघत होती. मग त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, मग आपल्या मुठीकडे.

"झंडा!" पलीकडून कोणी तरी ओरडलं.

पुढचं सगळं इतक्या पटकन झालं, की स्मिताच्या तोंडून शब्द फुटेपर्यंत याजक खोकं टाकून पळाले होते, खिडकीची काच फुटली होती आणि भाजीवाल्या शांताबाईंची अलका कपाळ धरून वाळूत बसली होती. बोटांच्या फटीतून रक्त येत होतं. स्मिताने पदराचा बोळा करून जखमेवर दाबला. अलका रडत नव्हती. पदराखालून डोळा काढून तिने विचारलं, "ताई, झंडा कोणाकडे गेला?"

दोन टाके पडले. दुपारी पंच चर्चमध्येच बाकांवर बसले. दगड मारणारी होती शोभा, मनोहररावांची सख्खी नात, आणि त्यामुळे त्यांचा आवाज नेहमीपेक्षा चढला होता.

"माझ्या घरच्या पोट्टीनं चर्चच्या आंगणात दुसऱ्याचं डोकं फोडलं! उद्यापासून सतरंजी. दगड नाई, नदी नाई, काही नाई."

"शोभाला दगड मी आणायला लावला, काका," स्मिता म्हणाली. "नदी मी दिली, दोन काठ मी दिले, झेंडासुद्धा मीच रोवून दिला. तिने तिला येत होतं ते केलं. प्रयोग फसला की आधी मांडणी तपासतात. मला उद्याचा दिवस द्या."

"हे लेकरं आहेत, तुझ्या परीक्षानळ्या नाईत!"

"म्हणूनच मागतेय."

पाळकसाहेब मऊ माणूस. आवाज चढले की ते चष्मा पुसत बसायचे. त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर ठेवला आणि म्हणाले, "ज्या आईच्या पोरीला लागलं, तिला विचारा. तिनं उद्या आपल्या मर्जीनं पोर इथं सोडली, तर चालू ठेवू. नाही तर मनोहरराव म्हणतात तसं."

मनोहरराव हसले. "शांताबाई? गुजरीत अख्खा बाजार घाबरते तिले. सोडली पोर तिनं!"

सगळे गेल्यावर स्मिता तिथेच बसून राहिली. तिने बायबल उघडलं आणि ती गोष्ट पुन्हा वाचली, प्रयोगाची कृती वाचतात तशी, एकेक ओळ बोट ठेवून. धोंडा कसा न्यायचा ते तिथे स्पष्ट लिहिलं होतं. खांद्यावर. मुठीत मावणाऱ्या दगडाला खांदा कशाला लागतो? मुलांना इजा होऊ नये म्हणून तिने स्वतःच्या अक्कलहुशारीने धोंड्याचा दगड केला होता. आणि दोन काठांवर दोन जमाव होते, असंही कुठे नव्हतं. सगळे एकाच काठावरून निघाले होते. ती उठली ती थेट शांताबाईंच्या घरी गेली.

शांताबाई दारात बसून दुसऱ्या दिवशीच्या मेथीच्या जुड्या बांधत होत्या. आत अलका चिकटपट्टी लावलेलं कपाळ शेजारच्या पोरांना दाखवत होती.

"माफी मागायला आले," स्मिता म्हणाली. "चूक माझी होती."

"माह्या भावाचा डोळा गेला गोटमारीत," शांताबाई जुडीवरून नजर न काढता म्हणाल्या. "मले वाटलं, गावात एक तरी आंगण आहे जिथं दगड चालत नाई. म्हणून पाठवली पोट्टी. तुमच्या देवाचं मले काही समजत नाई, बाई, पण आंगण समजते."

स्मिता त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"उद्याही दगड असतील," ती म्हणाली.

शांताबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली. "काय म्हणून राहिल्या तुम्ही?"

"काढून घेतले तर पोरं एवढंच शिकतील, की दगड फेकायचाच असतो, फक्त चर्चमध्ये फेकू देत नाहीत. बाहेर मग नदी आहेच. उद्याचा धोंडा कोणाला फेकता येणार नाही एवढा असेल. तुम्ही अलकाला घेऊन या. तिचा हात सोडू नका. एक जरी दगड उडाला तर तिला घेऊन जा, मी आडवी येणार नाही."

"अन् आलोच नाई तं?"

"तर आमची शाळा बंद. पंचांनी तसं ठरवलंय. पण त्यासाठी येऊ नका. पोरीसाठी यायचं तर या."

शांताबाईंनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. "लईच हट्टी आहात व तुम्ही."

"हो," स्मिता म्हणाली.

उन्हं उतरायच्या आत स्मिताच्या सांगण्यावरून हिरामण ठेलेवाला नदीतून धोंडे घेऊन आला. एकेक धोंडा कलिंगडाएवढा, काही त्याहून मोठे. अंगणात उतरवताना तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"घर बांधून राहिल्या का, बाई?"

"नाही. पोरांना उचलायचे आहेत."

"पोट्ट्यांले? अवं, हे तं मले उचलत नाई!"

"एकट्याला नाहीच उचलत," स्मिता म्हणाली आणि पाळकीणबाईंकडे रिकामी गोणपाटं मागायला गेली.

दुसऱ्या दिवशी मुलं दुपटीने आली. चर्चमध्ये गोटमार होते ही बातमी रात्रीत नदीपलीकडे पोचली होती, आणि सावरगावची पोरं खिसे फुगवून दारात उभी होती. मनोहररावांनी फाटकाशी खुर्ची टाकली होती. "बघ," ते म्हणाले, "हे तुझं शिक्षण."

स्मिताने फाटकात एक घमेलं ठेवलं. "खिसे इथे रिकामे करायचे. मग आत." ती ओरडली नाही, हललीही नाही. दगड घमेल्यात पडू लागले. घमेलं भरलं तेव्हा तिने दुसरं मागवलं.

शांताबाई आल्या. अलकाचं मनगट घट्ट धरून फाटकाच्या आत, पण फाटकालाच चिकटून उभ्या राहिल्या. भाजीची पाटी बाहेर ठेवली होती.

आता काठ एकच होता. बांबू नव्हता. कोश घेतलेली मुलं मधोमध जाऊन उभी राहिली, तशी स्मिताने सांगितलं, "पाणी थांबलंय. पण किती वेळ थांबेल कोणाला माहीत नाही. धोंडे न्या." एका गोणपाटावर एक धोंडा, चार कोपऱ्यांना चार मुलं; दोन पांढुर्ण्याची, दोन सावरगावची. जोड्या तिने स्वतः लावल्या आणि कोणाचं ऐकलं नाही.

दोन धोंडे कण्हतकुथत पलीकडे गेले. तिसरा ऐन नदीत कलंडला आणि गोणपाटावरून घरंगळला. सावरगावचा एक उंच पोरगा पायाचं बोट धरून नाचू लागला.

"मुद्दाम सोडला यानं! पांढुर्ण्याचे सारेच असे!"

"तुह्याच हातात दम नाई बे!"

उंच पोरगा वळला, धावत घमेल्यापाशी गेला आणि मूठ भरून हात वर केला. स्मिता पलीकडच्या टोकाला होती. मनोहरराव खुर्चीतून उठले. शांताबाईंनी अलकाला ओढलं आणि फाटकाकडे तोंड केलं.

अलका जागची हलली नाही. पाय रोवून ती ओरडली, "ए लंबू! फेकाले काय लागते? थो मोठा उचलून दाखव ना!"

अंगणभर खसखस पिकली. "उचल ना बे, लंबू!" सावरगावचीच पोरं ओरडली. लंबूचा हात वरच राहिला. त्याने घमेल्याकडे पाहिलं, नदीत पडलेल्या धोंड्याकडे पाहिलं.

स्मिता धावली नाही. ती चालत त्या गोणपाटापाशी आली आणि म्हणाली, "ह्या कोपऱ्याला एक जण कमी पडतोय. दोन्ही हात लागतात."

लंबूने दगड घमेल्यात टाकला, हात चड्डीला पुसले आणि कोपरा धरला. "मी म्हणतो तवाच उचलाचं," तो बाकीच्यांवर खेकसला. "एकसाथ. नाई तं पुन्हा पडन." धोंडा हलला, उठला आणि पलीकडे गेला.

फाटकापाशी अलका आईकडे बघत होती. शेवटच्या धोंड्याचा एक कोपरा रिकामा होता आणि दुसऱ्या कोपऱ्याला शोभा उभी होती, मान खाली घालून. शांताबाईंची बोटं जरा वेळ घट्टच राहिली. मग सुटली.

अलका गेली आणि तिने कोपरा धरला.

"दुखते का?" शोभाने हळूच विचारलं.

"दोन टाके आहेत," अलका ऐटीत म्हणाली. "मंग दाखवतो. आधी उचल."

शांताबाईंनी तो धोंडा पलीकडे पोचेपर्यंत पाहिलं. मग पाटी डोक्यावर घेतली. "मेथी सुकून राहिली माही," त्या मनोहररावांना म्हणाल्या, जणू उशीर त्यांच्यामुळेच झाला होता. "दुपारी येतो हिले न्याले. तवरक बघजा."

"बघतो, बाई," मनोहरराव म्हणाले.

धोंडे रचून झाले तेव्हा मुलं घामाघूम होऊन त्यांच्याभोवती बसली होती. मनोहरराव आले. वचन पाठ नसणार याची त्यांना खात्री असावी.

"काय रे, हे धोंडे कशाचे?"

एकदम दहा तोंडं उघडली. "पाणी थांबलं होतं जी!" "पेटी मधात उभी होती!" "अन् मंग सारेच्या सारे निघाले, कोणी मागं नाई राहिलं!" "एकट्याले उचलत नाई जी थे!"

"पेटी नाई, कोश," मनोहररावांनी दुरुस्त केलं. दुसरी चूक त्यांना सापडली नाही. ते धोंड्यांभोवती एक चक्कर मारून आले, वरचा एक धोंडा हलवून पाहिला, आणि स्मिताजवळ येऊन थांबले.

"उद्या काय आहे?"

"दावीद," स्मिता म्हणाली.

मनोहररावांचा चेहरा उतरला. "गोफणवाला? दगडानं गल्याथाचं कपाळ फोडणारा?"

पिशवीत गोफणीसाठी सुतळीचा आख्खा गुंडा होता. स्मिताने फाटकातल्या घमेल्यांकडे पाहिलं. "दावीद वीणाही वाजवायचा, काका."

"हं. वीणाच घे मग. गल्याथाचं पुढच्या वर्षी बघू."

"बरं, पुढच्या वर्षी," स्मिता म्हणाली, आणि सुतळीचा गुंडा घेऊन कडुनिंबाखाली बसली. वीणा झाली तरी तिला तारा लागणारच होत्या.