अनमचा इमाम-जामिन

गावातली मोठी माणसं एरवी कुठल्याही गोष्टीवर एकमताला येत नसत. पाण्याची टाकी कुठे बांधायची यावर सहा महिने भांडली होती. पण त्या गुरुवारी सगळ्यांचं अगदी गोड एकमत झालं होतं. खलीलला मुंबईच्या विमानतळावर नेणारी गाडी दुपारी एकला येणार होती, आणि ते त्याच्या मुलीला सांगायचं नव्हतं.

मुलगी म्हणजे अनम, तिसरीतली. दोन वर्षांपूर्वी बाप रजा संपवून कतारला निघाला, तेव्हा तिने गाडीचं दार असं घट्ट धरलं होतं की तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. खलील पनवेलपर्यंत रडत गेला म्हणे. तेव्हाच घरात ठरलं की पुढच्या खेपेला पोर शाळेत असतानाच निघायचं. आखातात माणूस असलेल्या बऱ्याच घरांत असंच करतात, त्यामुळे यात काही वाईट आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही. अनमला सांगितलं होतं की गाडी मगरिबच्या, म्हणजे सूर्य मावळल्यावरच्या, नमाजानंतर येईल. शाळा सुटायची पाचला. म्हणजे तिच्या हिशेबाने भरपूर वेळ होता.

तिला वेळ हवाच होता, कारण या खेपेला अब्बांना इमाम-जामिन ती बांधणार होती. लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाच्या उजव्या दंडाला कापडात शिवलेलं नाणं बांधतात, वाटेत त्याची राखण व्हावी म्हणून. सुखरूप पोचलं की ते नाणं एखाद्या गरिबाला द्यायचं. दर वेळी दादी बांधायची. या वेळी अनमने हट्ट धरला आणि दादी चक्क हो म्हणाली. मग नाणं, अम्मीच्या जुन्या ओढणीचा हिरवा तुकडा आणि सुईदोरा कंपासपेटीत घालून ती शाळेला निघाली. गुरुवारी कार्यानुभवाचा तास असतो, तेव्हा शिवून होईल असा तिचा बेत होता.

त्या दिवशी अब्बा तिचं दप्तर घेऊन शाळेच्या फाटकापर्यंत आले. असं ते कधी करत नसत. फाटकापाशी त्यांनी तिच्या वेण्यांच्या रिबिनी उगाचच सोडून पुन्हा बांधल्या, त्याही वाकड्या.

"सांच्याला मीच बांधनार हां," अनम म्हणाली. "दादीला हात लावू देऊ नका."

"न्हाय देनार," अब्बा म्हणाले. प्रार्थना सुरू झाली तरी ते फाटकाबाहेर उभेच होते. अनमला त्याचं फार अप्रूप वाटलं. तिने हात जोडूनच एक डोळा उघडून मैत्रिणीला, मृणालला, खूण केली की बघ, माझे अब्बा.

मग रोजच्यासारखी शाळा झाली. चार इयत्तांची मिळून एकोणीस पोरं. कल्पिता बाईंनी पाढे म्हणून घेतले, शुद्धलेखन घातलं. अनमला मात्र त्यांनी रस्त्याकडच्या खिडकीजवळून उठवून आतल्या रांगेत बसवलं. "तिथे ऊन येतं," म्हणाल्या. ऊन तर काही येत नव्हतं. अम्मीने काल बाईंना फोन करून सगळं सांगून ठेवलं होतं, हे बिचारीला कुठून माहीत असणार?

कार्यानुभवाच्या तासाला बाकीच्यांनी कागदाची फुलं केली आणि अनमने शिवायला घेतलं. सुईत दोरा जाईना, तेव्हा ती बाईंकडे गेली. बाईंनी दोरा ओवला आणि तिच्या हातातल्या कापडाकडे बघितलं.

"हे काय गं?"

अनमने सांगितलं. सगळं सांगितलं, दंड उजवाच कसा लागतो तेही. बाईंनी सुई तिच्या हातात दिली आणि त्या उगाच फळा पुसायला लागल्या. फळा आधीच पुसलेला होता.

टाके वेडेवाकडे आले, पण नाणं आत पक्कं बसलं. अनम गाठ मारत होती तेवढ्यात मृणाल नळावरून बाटली भरून आली.

"तुझे अब्बा गेले," मृणाल म्हणाली. "आत्ताच. टपावर बॅगा होत्या."

"कायतरीच. ते रात्री जानार हायत."

"मी बघितलं ना. मी हात केला तर त्यांनी तोंड फिरवलं."

अनम बाईंपाशी गेली. मोठी माणसं खोटं बोलतात हे तिला अजून ठाऊक नव्हतं, म्हणून तिने सरळच विचारलं. बाईंना मात्र पुढचं खोटं बोलवेना.

"हो बाळा, गेले. तू रडू नयेस म्हणून."

अनम रडली नाही. रडायला तिला सवडच नव्हती. अब्बा घाटात असतील, दंडाला काही नाही, नाणं इथे तिच्या मुठीत. समोरून ट्रक आला तर? विमान वर गेल्यावर काही झालं तर? ही चूक तिचीच होती. तिने नाणं शाळेत आणलं नसतं तर दादीने तरी बांधलं असतं. खिचडी तिने ताटात तशीच ठेवली. दुपारभर बाई काय शिकवत होत्या ते तिला कळलं नाही. पाच वाजेपर्यंत तिचा जीव टांगणीला लागला होता.

शाळा सुटल्यावर ती धावत घरी आली. खाटेखालची बॅगांची जागा रिकामी होती. तिने दादीला काही विचारलं नाही. फोन वाजेपर्यंत ती फोनजवळ बसून राहिली.

साडेसहाला विमानतळावरून अब्बांचा फोन आला.

"अब्बा, तुमी इमाम-जामिन बांधलाच न्हाय," ती एका दमात म्हणाली. "तो माझ्याकडंच राहिला. आता काय करायचं?"

"अगं, बांधलाय ना," अब्बा म्हणाले. "दादीने कालच दुसरा शिवून ठेवलेला. निघताना बांधला. तू काळजी करू नको, बेटा."

अनमला आधी हायसं वाटलं, अगदी मनापासून. मग तिच्या ध्यानात आलं. काल दादीने दुसरा शिवला होता. सकाळी फाटकापाशी 'न्हाय देनार' म्हणताना अब्बांना ते ठाऊक होतं. आणि ती वर्गात बसून टाके घालत होती.

"बरं," ती म्हणाली.

पलीकडे अब्बा थांबले होते. दर फोनला ती एकच विचारायची की कधी येणार, आणि ते महिना सांगायचे, मग ती बोटांवर मोजायची. ते त्याचीच वाट बघत होते. पण त्यांनी महिना सांगितला तरी तो खरा आहे की नाही हे आता कसं ओळखायचं, ते तिला कळेना. तिने फोन अम्मीच्या हातात दिला आणि पाय धुवायला मागच्या दारी गेली.

"न्हाय रडली," अम्मी फोनवर सांगत होती. "जरापन न्हाय. शानी झाली आता."

दादीने अल्लाचे आभार मानले. दोन वर्षांपूर्वीचा तो तमाशा या खेपेला झाला नाही, म्हणून घरात सगळ्यांना बरं वाटलं.