भागीबाईचा नंबर

"सरक बाजूला. जवानाच्या घरचं दळण हे," म्हणत भागीबाईने मैनाचा गव्हाचा डबा मागे ओढला आणि आपली नागलीची पिशवी थेट गिरणीच्या तोंडाशी नेऊन ठेवली.

"काकू, गव्हाच्या मधी नागली घालू राहिल्या तुम्ही!" मैना उसळली. "माझं पीठ काळं पडतं मग. माझ्या जेवणाच्या डब्याची गिऱ्हाइकं पोळी उलटीपालटी करून पाहतात. एकानं तर डबाच बंद केला."

"मग सांग त्याला, ज्याच्या जिवावर तू झोपतो ना, त्याच्या आईचं दळण होतं म्हणून."

"तुमचा एकटाच का सीमेवर? आणि ही नागली तरी तुमची हे का? दिंडोरीच्या लेकीची ना?"

"लेक जवानाची बहीणच हे ना?"

रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. गिरणीवाल्या सावळीरामने नागली ओतली आणि मैना बोटं मोडत बसली.

विहितगावातल्या त्या गिरणीचा नियम साधा होता. आधी गहू, मग ज्वारी-बाजरी आणि नागली सगळ्यात शेवटी. नागलीचं, म्हणजे नाचणीचं, काळपट पीठ दगडात अडकून राहतं आणि पुढच्याच्या गव्हात उतरतं. हे कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. भागीबाईलाही ते चांगलं ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि भागीबाई असणं वेगळं.

दोष थोडा सावळीरामचाही होता. सीमेवर गडबड सुरू झाली तेव्हा विहितगावाला एकदम उमाळा आला. एरवी देवळाली कॅम्पातले जवान येताजाता दिसतात, त्यांना कोणी पाणी विचारत नाही. पण टीव्हीवर तोफा दिसायला लागल्या आणि भागीबाईचा प्रफुल्ल तोफखान्यात हवालदार आहे, हे सगळ्यांना एकाच दिवशी आठवलं. सावळीरामने त्या भरात पाटीच रंगवून घेतली, 'जवानाच्या घरचे दळण मोफत'. दूधवाला फुकट रतीब घालू लागला, रिक्षावाले भाडं घेईनात, मंडळाने सत्कार केला. आणि भागीबाईने काय करावं? सत्काराची शाल पातळ निघाली म्हणून मंडळाच्या कार्यकर्त्यांना ती बदलून आणायला लावली. दुधात पाणी आहे म्हणून दूधवाल्याला दारात उभं करून झापलं. देणाऱ्यांचे चेहरे हळूहळू उतरत गेले. सावळीरामला दळणाचं काही वाटत नव्हतं. बाई एक शब्द गोड बोलली असती तर त्याने जन्मभर दळून दिलं असतं.

सून अंजली नाशिकरोडला एका पतपेढीत कामाला होती. गिरणीतला प्रकार कानावर आला तेव्हा तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन पाहते तर सासूबाई टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघत बसलेल्या.

"आई, लोक प्रेमानं देतायत. आपण निदान हसून घ्यावं की नाही? आणि रांग कशाला मोडायची?"

भागीबाईने टीव्हीवरची नजर काढली नाही. प्रफुल्लचा फोन लागत नव्हता आणि त्याबद्दल घरात बोलायचं नाही, असं दोघींमध्ये न ठरवताच ठरून गेलं होतं.

"आमच्या गावची विठाबाई तू पाहिली नाय," ती म्हणाली. "लय भांडखोर बाई. नळावर भांडायची, कोंबडीवरून भांडायची. मग तिचा फौजेतला पोरगा पेटीतून आला. गावानं घर बांधून दिलं, काय पाहिजे ते दिलं, ती गुमान घेत गेली. पण तिथून पुढं तिच्याशी कोणी भांडलं नाय बघ. हंडा मधी घातला तरी बाया गपचिप जागा द्यायच्या. मरेस्तोवर असंच."

"आई, असलं बोलू नका ना!"

"म्हणून सांगते. लोक कुरकुर करतात, ती मैना माझ्या नावानं बोटं मोडते, तोवर आपलं घर धड हे. रोज जाऊन बघून येते मी. ती भांडली की मला भाकर गोड लागते."

दुसऱ्या दिवशी अंजलीने मैनाला गाठून माफी मागितली, पण हे सगळं सांगायला तिची जीभ रेटली नाही. मैनानेही "तुमचं काही नाही हो ताई, पण त्यांना आवरा" म्हणून विषय संपवला.

भागीबाईला कोण आवरणार? पुढच्याच आठवड्यात ती पुन्हा दिंडोरीला गेली आणि लेकीने पापडासाठी निवडून ठेवलेली नागली घेऊन दुपारच्या एसटीत बसली.

ती वाटेत असतानाच सावळीरामचा फोन वाजला. ऐकू येईना म्हणून त्याने गिरणी बंद केली. फोन अंजलीचा होता.

"कॅम्पातून दोन साहेब आलेत घरी. आई उतरून तुमच्याकडेच येतील. त्यांना काही बोलू नका, नुसतं घरी पाठवा."

"ताई, प्रफुल्ल...?"

पलीकडून "गेले हो," एवढंच आलं आणि फोन बंद झाला.

सावळीरामने फोन तसाच हातात धरून रांगेकडे पाहिलं. त्याचं तोंड बघून बायकांना काय ते कळलं. कोणी हुंदका दाबला, कोणी उठून दाराबाहेर डोकावून आली. मैना आपल्या डब्याचं झाकण उगाच काढत आणि लावत राहिली.

तेवढ्यात पिशवी काखेत घेऊन भागीबाई आत आली.

"सरका गं..."

सरकायला कोणी उरलंच नव्हतं. वाट आधीच मोकळी झाली होती. मैनाने आपला डबा उचलून पार मागे नेला.

"या काकू. तुमची नागली आधी होऊ द्या."

भागीबाई जागीच थांबली. "आणि तुझा गहू?"

"माझं काय, होईल मागून."

"पीठ काळं पडंल."

"पडू द्या काकू."

भागीबाईने एकेकीकडे पाहिलं. एकही नजर वर नव्हती. सावळीराम पिशवी घ्यायला दोन्ही हात पुढे करून उभा होता. तिने पिशवी दिली नाही. पोटाशी घट्ट धरली.

"मैना," ती अगदी हळू म्हणाली, "भांड की गं."

मैनाने डब्याचं झाकण पुन्हा घट्ट दाबलं.

"त्या दिवशी एवढी फाडफाड बोलली, आज काय झालं तुला? नंबर तुझा हे ना? मग सांग की. भांड माझ्याशी."

मैनाने ओढणीने तोंड पुसलं. डबा उचलून पुन्हा पुढे आणला आणि जोराने आपटला.

"हो, माझाच हे नंबर!" ती ओरडली, पण आवाज मध्येच फाटला. "रोज रोज काय दादागिरी हे तुमची? मागं व्हा. आधी माझे गहू."

"हां," भागीबाई म्हणाली. "तुझाच हे."

ती रांगेच्या शेवटी गेली आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसली. पिशवी तिने मांडीवर घेतली होती.

"काकू," सावळीराम चाचरत म्हणाला, "घरी अंजलीताई वाट..."

"नंबर आला की जाते."

त्याने खटका दाबला. पट्टा फिरू लागला, जमीन थरथरली आणि पिठाचा वास सुटला. त्या आवाजातही भागीबाईचं बोलणं त्याला नीट ऐकू आलं.

"सावकाश दळ रे सावळीराम. घाई नाय मला."

त्याने मैनाचे गहू अगदी बारीक धारेने सोडायला सुरुवात केली.