चार शब्द आणि एक किल्ली

यंत्राने परवलीचे शब्द विचारलेच नाहीत. पेइचूनने काळ्या पडद्यावर आज्ञेची ओळ टाइप केली, एंटर दाबलं आणि खाली उत्तर उमटलं : किल्ली सापडत नाही.

शेजारी तेफू तयारीत बसला होता. शब्द त्याला पाठ होते. शिंपला, शिडी, आलं, मच्छरदाणी. घशाच्या ऑपरेशनआधी त्याच्या बायकोने, मेइश्याने, त्याच्यासाठी आपला आवाज रेकॉर्ड केला आणि फाइलला कुलूप घातलं. मी गेले तर शंभराव्या दिवसाचा विधी उरकल्यावरच ऐका, आधी नुसते रडत बसाल, असं बजावलं. पुढे आवाज गेला, तरी जेवताना ती त्याच्याकडून शब्द म्हणवून घ्यायची. चुकला की टेबलावर जेवणाच्या काड्या आपटायची. लिहून ठेवतो म्हटलं की डोळे वटारायची.

"भावोजी, ताईंचा लाल दोरीचा पेनड्राइव्ह कुठंय?" पेइचूनने विचारलं. ती मेइश्याच्या हाताखाली सर्व्हर सांभाळायला शिकलेली. "किल्ली त्याच्यावर आहे. तुमचे शब्द त्या किल्लीसाठी. ती नसेल तर नुसत्या शब्दांनी काही होत नाही."

पेनड्राइव्ह निळ्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात असायचा. आणि ती पिशवी तेफूने अंत्यविधीच्या दिवशी, मृतासाठी जाळतात त्या कागदी घराबरोबर, चष्मा आणि शालीसकट जाळली होती. तिकडे तिची अडचण व्हायला नको म्हणून. कप्पे बघायचं सुचलं नाही. बायकोच्या पिशवीत हात घालायची त्याला सवय नव्हती.

किल्लीची दुसरी प्रत नव्हती. आम्हाला मात्र रोज प्रती काढायला लावायच्या, असं म्हणत पेइचून हसली आणि मग तिला हसवेना.

"कुलूप फोडता येणार नाही का गं?"

"फुटणारं असतं तर ताईंनी घातलं असतं का?"

पेइचून गेल्यावर तेफूने मेइश्याच्या फोटोपुढे अरवीची पेज ठेवली. एरवी तो कौल घ्यायला दोन नाणी टाकून जेवण झालं का एवढंच विचारायचा. आज त्याने विचारलं, पिशवी पोचली का. दोन्ही नाणी चित पडली. म्हणजे हसतेय.

"हस. मूर्ख नवरा मिळालाय."

पुन्हा टाकली. एक चित, एक पट, म्हणजे होकार. पोचली होती.

मग तो खुर्ची ओढून बसला. किल्ली तिच्याकडे, शब्द याच्याकडे. तिकडे ती विसरली तर पंचाईत. त्याने सावकाश म्हटलं, "शिंपला, शिडी, लसूण," आणि थांबला. टेबलाकडे पाहत राहिला. काड्या वाजल्या नाहीत.

"आलं," त्याने स्वतःच सुधारलं. "मच्छरदाणी."

पेज निवली तशी त्याने खाल्ली आणि वाडगा धुतला. फाइल यंत्रात तशीच आहे. ती ऐकायची राहिली आहे.