देवाच्या नावाने केलेला राग

ठाकूरद्वारच्या अप्पा गद्र्यांच्या घरात देवाचा धाक मोठा. पानात टाकलं की देव बघतो, खोटं बोललं की देव शिक्षा करतो. त्यांची एकुलती एक ऋता हे ऐकतच वाढली. पुढे तिने डिलाईल रोडच्या गौतमशी लग्न ठरवलं, तेव्हा अप्पा दारातच म्हणाले, "जा. देव बघून घेईल तुला."

त्यानंतर बापलेकीचं बोलणं तुटलं.

यंदा मार्चमध्ये ऋताचं बाळ पोटातच गेलं. आठवा महिना होता, मुलगी होती. तिची आई, लतिकाबाई, फोन येताच हॉस्पिटलात धावल्या. तिथून त्यांनी नवऱ्याला दोनदा फोन करून बोलावलं, पण अप्पा गेले नाहीत. परत आल्यावर लतिकाबाई चपलाही न काढता खुर्चीत बसल्या.

"सारखं एकच विचारतेय हो ती. अप्पांच्या देवाने बघून घेतलं का गं, म्हणते."

संध्याकाळी दिवा लावायला बसलेले अप्पा तसेच बसून राहिले. समोरच्या मूर्तीच्या चेहऱ्यावर राग काही दिसेना. गौतमची जात कळली तेव्हा स्वतःच्या छातीत काय पेटलं होतं, ते मात्र लख्ख आठवलं.

ऋता हॉस्पिटलातून घरी आली, त्या दिवशी ते डिलाईल रोडला गेले. गौतमने दार उघडलं, "या" एवढंच म्हणाला आणि स्टूल पुढे सरकवलं. ऋता भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"देवाने काही केलेलं नाही, बाळा," अप्पा म्हणाले. "राग माझा होता. मी त्याला देवाचं नाव दिलं."

"मग देव रागावतच नाही?" ती न वळताच म्हणाली. "लहानपणापासून तर तेच सांगितलंत."

अप्पा स्टुलावर बसले.

"चार वर्षांची असताना तू गॅलरीच्या कठड्यावर चढली होतीस. मी फाडकन थोबाडीत दिली होती. पण आधी तुला घट्ट धरलं, मग मारलं. देवाचा राग असलाच तर तसा असेल गं. आपलं लेकरू खाली पडेल म्हणून येणारा. कुणी त्याला ढकललं, तर ढकलणाऱ्यावरही येत असेल. मी तर तुला धरलंच नाही. नुसतं मारलं."

ऋता वळली. तिचे डोळे कोरडे होते.

"तिचे केस तुमच्यासारखे कुरळे होते, अप्पा. आईने बोलावलं होतं ना तुम्हाला? एकदा येऊन बघायचंत तरी."

गौतमने ठेवलेला चहा निवून गेला.

"उद्या येऊ?" निघताना त्यांनी विचारलं.

ती पुन्हा भिंतीकडे वळली. "या. पण देवाचं काही बोलू नका."

अप्पा रोज जाऊ लागले. कधी दुधी किसून देत, कधी नुसते बसत. पण नातीला कुठे पुरलं, हे गौतमला विचारायचं धाडस त्यांना पुढे कितीतरी दिवस झालं नाही.